डॉक्टर पडद्यावर, गोळी काउंटरवर



नंदुरबारात, टेलिमेडिसिनवरच्या या परिषदेत आपलं स्वागत. मी डॉक्टर नाही, औषधविक्रेता आहे. टेलिमेडिसिन मला दुकानाच्या काउंटरवरून जेवढं दिसतं, तेवढंच बोलतो.

टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. तोवर फोनवर औषध सांगताना डॉक्टर धास्तावलेले असायचे. एप्रिलमध्ये ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेची ओपीडी सुरू झाली. आज उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून व्हिडिओवर डॉक्टरांशी गाठ घालून देतात. चिठ्ठी छापील येते. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला याचं सुख विचारा!

पण सिकलसेलचा रुग्ण घ्या. सातपुड्याला हा आजार नवा नाही. त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असलेल्या पोराला डॉक्टर पडद्यावर बघतील, कुठं दुखतंय विचारतील. डोस वाढवायचा तर मात्र रक्तपेशी मोजाव्या लागतात. म्हणजे सुई टोचायला कुणी हवं, नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोचवायला गाडी हवी, अहवाल आला की घरी कळवायला कुणी हवं. आणि एवढं होऊन गोळीच शिल्लक नसेल, तर बोलणी आम्ही खायची. ती खातोही.

आभा या आरोग्य-ओळख क्रमांकाचंही तसंच. चौदा आकडे, चांगली सोय. पण घरात मोबाइल एकच, आणि तो ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बापाच्या खिशात. नोंदणीचा ओटीपी तिकडे वाजतो, बायको इकडे दवाखान्याच्या खिडकीशी उभी. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी धडगावच्या एखाद्या उपकेंद्रात दिवसभर बसावं, असं मला फार वाटतं. पावरी बोली बोलणाऱ्या आईचं दुखणं मराठीत डॉक्टरांपर्यंत कोण पोचवतं, तेही तिथं दिसेल. म्हणून आशाताईंना आज पुढच्या रांगेत बसवलंय. मान्यवरांना मागं सरकावं लागलं, त्याबद्दल त्यांनी राग मानू नये.

आज इथं निबंध वाचणाऱ्यांना एकच विनंती. किती सल्ले दिले हे सांगालच. त्यातल्या किती जणांच्या हातात औषध पडलं, तेही सांगा.

सभागृहातलं वायफाय दुपारी दगा देतं, म्हणून सादरीकरणं पेनड्राइव्हवर ठेवा. जेवणात भाकरी आहे आणि नंदुरबारची मिरचीही आहे. पाहुण्यांनी बेतानं घ्यावी. आता अध्यक्षांनी कामकाज हाती घ्यावं, अशी विनंती करतो.