सात ग्रहांची एक बैठक

ज्या रामघाटावर सांगवेद विद्यालयात वेद शिकवतात, तिथेच मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. घाटावर लाउडस्पीकर लागला, की गाण्याचे शब्द समोरच्या ओळींत घुसतात. निसटलेली चूक मग कायमची छापली जाते. म्हणून कानाला शब्द नसलेलं, पण भारदस्त संगीत हवं. माझी निवड आहे गुस्ताव होल्स्टचं ‘द प्लॅनेट्स’. १९१४ ते १९१७ मधली रचना. सात ग्रह, साधारण ५० मिनिटं. हा इंग्रज संगीतकार ऋग्वेदासाठी संस्कृत शिकला होता! पहिला ‘मंगळ’ पाच मात्रांत धडधडतो. त्यावर काम सुरू करा. शेवटच्या ‘नेपच्यून’मध्ये स्त्रियांचे शब्दाविना स्वर हळूहळू विरत जातात. ते थांबले की उठा, पाणी प्या. पुढचं पान त्यानंतर.