वेगाचा काटा

(मंडळाच्या सप्टेंबरच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डेट्रॉईटच्या परिसरात गाडीविषयी भाषण करायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा शिकवण्यासारखं आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत. मी आपला साधा कॉम्प्युटरवाला. पण आज ज्या भागाविषयी बोलणार आहे तो खरं म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच आहे, म्हणून हे धाडस. स्टिअरिंगच्या मागे वेगाचा, पेट्रोलचा, तापमानाचा काटा असलेली जी पाटी असते, तिला इन्स्ट्रुमेंट क्लस्टर म्हणतात. तो घरी काढून दुरुस्त करता येतो.

आमच्याकडे २००६ सालची एक एसयूव्ही आहे. बायको ती घेऊन कामावर जाते. मागच्या हिवाळ्यात तिचा वेगाचा काटा बिघडला. गाडी ड्राइव्हवेत उभी, किल्ली काढलेली, आणि काटा आपला २० मैलांवर आरामात टेकलेला! हायवेवर ७० ने जाताना तो कधी ९० दाखवायचा, कधी ४५. बायको म्हणाली, "अरे, मी हल्ली बाजूच्या गाड्यांकडे बघून चालवते." हे ऐकल्यावर मात्र मी हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवलं. बर्फाच्या दिवसांत, शाळेच्या रस्त्यावर अंदाजाने गाडी चालवणं म्हणजे थट्टा नव्हे. शिवाय पोलिसाला "काटा बिघडलाय" सांगून तिकीट चुकेल याची काय खात्री?

आता, काटा चुकीचं दाखवतो म्हणजे काटाच बिघडला असं नसतं. वेग मोजणारा सेन्सर वेगळा, तो आकडा वाहून आणणारी वायर वेगळी आणि दाखवणारा काटा वेगळा. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, बग कुठल्या थरात आहे ते आधी शोधायचं. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली ओबीडी-टू नावाचं सॉकेट असतं. त्यात एक स्वस्तातला स्कॅनर लावला, बायकोने गाडी चालवली आणि मी शेजारी बसून आकडे वाचले. स्कॅनर म्हणे ४२, फोनचा जीपीएस म्हणे ४२, आणि काटा म्हणे ६०. निदान झालं! (सगळे काटे आणि दिवे एकदम गेले असते, तर मी आधी फ्यूज आणि कनेक्टर बघितले असते.)

काटा खोटं का बोलतो, हे फार गमतीचं आहे. अशा गाड्यांत प्रत्येक काट्यामागे एक स्टेपर मोटर असते. साधारण तीन सेंटिमीटर व्यासाची, आत दोन कॉइल, बाहेर चार पिना. क्वार्ट्झ घड्याळाचा काटा फिरवणाऱ्या मोटरची ही थोरली बहीण म्हणा. एका पावलाला काटा अंशाचा जेमतेम तिसरा भाग सरकतो. कॉम्प्युटर तिला फक्त सांगतो, "इतकी पावलं पुढे जा." ती खरंच गेली का, हे बघायची सोयच नाही! मुलाला दहा वेळा "अभ्यास झाला का" विचारणारे आपण, पण इथे एकदाही विचारत नाहीत. मोटर जुनी होऊन पावलं चुकायला लागली, की काटा तेवढा पुढे किंवा मागे राहतो आणि कॉम्प्युटरला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणजे बोर्ड ठणठणीत, थकली ती एक मोटर.

दुरुस्तीच्या दुकानात मात्र "पूर्ण क्लस्टर बदला, साडेसहाशे डॉलर" असं उत्तर मिळालं. एका मित्राने सुचवलं, "जंकयार्डमधून तसाच क्लस्टर आण, पन्नास डॉलरात काम." सल्ला मोहक होता, पण त्यात एक मोठी गोम आहे. गाडी किती मैल चालली हा आकडा बऱ्याच गाड्यांत क्लस्टरमधल्याच मेमरी चिपमध्ये असतो. जंकयार्डमधला क्लस्टर लावला की त्या मेलेल्या गाडीचे मैल आपल्या गाडीच्या नावावर! आमची गाडी १ लाख ४२ हजार मैलांची, तो क्लस्टर ९० हजारांचा. उद्या भारतातून नुकताच आलेला एखादा विद्यार्थी ती गाडी विकत घेईल, आणि ५२ हजार मैल त्याच्यापासून लपवलेले असतील. ही नुसती नीतीची गोष्ट नाही. ओडोमीटरमध्ये फेरफार करणं हा १९७२ पासून फेडरल कायद्याने गुन्हा आहे. दुरुस्तीत जुना आकडा राखता आला नाही, तर ओडोमीटर शून्यावर आणून, आधीचे मैल आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली नोटीस डाव्या दाराच्या चौकटीला लावावी लागते. आपलाच क्लस्टर दुरुस्त केला की ही भानगडच उरत नाही. मोटर बदलताना मेमरी चिपला हात लागत नाही.

तर कामाला लागू. आधी किल्ली लावून पार्किंग ब्रेक ओढायचा, चाकाला अडण लावायची आणि गिअरचा दांडा खाली घ्यायचा, म्हणजे पाटी बाहेर यायला जागा होते. स्टिअरिंगही पूर्ण खाली. मग इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ गप्प बसायचं. एअरबॅगच्या सर्किटमधले कपॅसिटर काही काळ चार्ज धरून ठेवतात, आणि आपलं तोंड बरोबर त्याच्यासमोर असतं. हा चहाचा वेळ समजा.

भोवतालची प्लॅस्टिकची चौकट नुसत्या क्लिपांवर बसलेली असते. ती प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटायची, स्क्रूड्रायव्हरने नाही. थंडीत प्लॅस्टिक कडक होऊन तुटतं, म्हणून आधी हीटर लावून गाडी गरम केली होती. आत चार स्क्रू आणि मागे एक कनेक्टर. क्लस्टर हातात!

काटे उपटण्याआधी प्रत्येक काटा हलकेच मागे फिरवून जिथे अडतो तिथे चिकटपट्टीवर खूण करायची. मग खाली कागद ठेवून दोन चमच्यांच्या टोकांनी काटा सरळ वर उचलायचा. हिवाळ्यात इथल्या कोरड्या हवेत कार्पेटवर चाललं तरी ठिणगी उडते, म्हणून मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा.

पुढचं काम सोल्डरिंगचं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या लॅबनंतर मी आयर्न हातात धरलं नव्हतं, म्हणून आधी एका फुटक्या रेडिओच्या बोर्डवर दोन संध्याकाळी सराव केला. राळेचा तो वास आला आणि एकदम लॅबचं बाक आठवलं. शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. मी आयर्न ३५० वर ठेवलं. पिनेवरचं जुनं सोल्डर तांब्याच्या वेणीने शोषून घ्यायचं, चारही पिना मोकळ्या झाल्याशिवाय मोटर ओढायची नाही. ओढली तर बोर्डवरचा तांब्याचा पत्रा उखडतो, आणि मग खरोखरच साडेसहाशे डॉलर. खिडकी उघडी, मुलं लांब, नंतर हात साबणाने स्वच्छ.

मी एक्स-२७-१६८ या प्रकारच्या मोटर घेतल्या आणि सगळ्याच बदलल्या, कारण वेगाची थकली म्हणजे बाकीच्या तिच्याच वयाच्या. हत्यारांसकट सत्तर डॉलरांच्या आत भागलं. काटे परत खुणेवर बसवताना पार तळापर्यंत दाबायचे नाहीत, नाहीतर तबकडीला घासतात. मग सगळं जोडून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघितलं, आणि ३० व ६० मैलांना काटा जीपीएसशी ताडून पाहिला. साठला एक मैलाचा फरक. बायकोने मान्यता दिली!

तुमच्या गाडीत काट्यांऐवजी नुसता स्क्रीन असेल तर यातलं काही लागू नाही. पण जुनी गाडी असेल आणि काटा असा वागत असेल तर मला सांगा. आयर्न, वेणी, पट्टा सगळं माझ्याकडे आहे, घेऊन जा. फक्त परत देताना आयर्नचं टोक पुसून द्या.