पाढ्यांचा कागद



"आता या वयात शिकून काय करायचं?" असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्यासाठी आज एका बाईची हकिकत सांगतो.

तिचे नाव कॅरोलिन हर्शेल. जन्म १७५० साली, जर्मनीतील हॅनोवर शहरी. मुलीने घरकाम करावे, एवढेच आईला वाटे. दहाव्या वर्षी मोठा ताप आला. त्यात तिची वाढ खुंटली. उंची राहिली सव्वाचार फूट!

बाविसाव्या वर्षी भाऊ विल्यम तिला इंग्लंडात घेऊन गेला. न्याहारी करता करता त्याने तिला हिशेब शिकवला. पाढे काही तिला पाठ होईनात. मग तिने काय केले? पाढे कागदावर लिहिले आणि तो कागद जवळ बाळगला.

रात्री भाऊ दुर्बिणीतून पाही आणि सांगे. ही घड्याळ बघून लिहून घेई. दिवसा गणिते करून ताऱ्यांच्या जागा काढी. हीच तिची शाळा आणि हेच कॉलेज!

१ ऑगस्ट १७८६ ला तिने स्वतः एक धूमकेतू शोधला. पुढच्या वर्षी राजाने तिला सालीना ५० पौंड पगार बांधून दिला. १७९७ पर्यंत तिला आठ धूमकेतू सापडले. जुन्या यादीत राहून गेलेले साडेपाचशेहून अधिक तारेही तिने नोंदवले. १८२८ साली लंडनच्या खगोल संस्थेने तिला सुवर्णपदक दिले.

तेव्हा मंडळी, पाढा विसरला तर लाजू नका. कागदावर लिहा. खिशात ठेवा, नाहीतर कनवटीला लावा. पण उद्या वर्गाला या बरं का!