थंडींतील मोटार आणि शेजारधर्म

मार्गशीर्ष सरून पौष लागला कीं ठाणें, डोंबिवली व कल्याण ह्या पट्ट्यांतील पहाट थोडी पालटते. खाडीवर आणि उल्हास नदीवर धुक्याचा पातळ पडदा उतरतो, कपाटांतील स्वेटर बाहेर येतात आणि स्टेशनाबाहेरील चहाच्या टपरीभोंवतीं गर्दी वाढते. अशा पहाटे अलीकडे एक नवाच आवाज ऐकूं येतो. इमारतीच्या तळमजल्यावर, जवळ कोणीही मनुष्य नसतां, एखादी मोटार आपोआप सुरू होते. तिचे दिवे क्षणभर लुकलुकतात आणि इंजिन घुमूं लागतें. मालक मात्र त्या वेळीं पांचव्या मजल्यावर चहा घेत असतो. त्यानें फक्त फोनवर बोट टेकविलेलें असतें. ही सोय कोठून आली, तिची गरज किती, आणि तिची किंमत कोण भरतो, ह्याचा विचार करणें हा ह्या भाषणाचा विषय आहे.

धन्यानें येण्यापूर्वीं त्याचें वाहन तापून सिद्ध असावें, ही कल्पना कल्याणास नवी नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली, आणि पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणास पोंचले. तेथून एक मार्ग थळ घाटानें इगतपुरीकडे आणि दुसरा बोर घाटानें पुण्याकडे गेला. त्यामुळें कल्याण हें मोठें जंक्शन झालें. वाफेचें इंजिन एकदां थंड पडलें कीं त्यांत पुन्हां पुरेशी वाफ धरण्यास कित्येक तास लागत. एकदम मोठा जाळ केला तर बॉयलरच्या पत्र्यांवर ताण येई, म्हणून विस्तव हळूहळू वाढवावा लागे. ड्रायव्हर घरीं झोंपलेला असतांना शेडमधील कामगार रात्रभर जागून हें काम करीत. गाडीची वेळ जवळ आली कीं निरोप्या जाऊन ड्रायव्हरचें दार ठोठावी. म्हणजे वाहन दुरून तापविण्याची रीत तेव्हांही होतीच. फरक इतकाच कीं, एकाच्या झोंपेची किंमत दुसरा आपल्या जागरणानें आणि धूर गिळून भरीत असे.

मोटारीचा इतिहासही ह्याहून फार निराळा नाहीं. आरंभींच्या मोटारी पुढें उभें राहून लोखंडी हँडलानें फिरवाव्या लागत. इंजिन अवेळीं पेटून हँडल उलट फिरलें तर मनगट मोडे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यांनीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविण्यांत आला. तेव्हांपासून इंजिन आंत बसून सुरू करतां येऊं लागलें. तरीही थंडीची अडचण शिल्लक होतीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी ज्यांनीं चालविली आहे, त्यांना ‘चोक’ची ती खुंटी आठवत असेल. खुंटी ओढली कीं कार्ब्युरेटरमध्यें जाणारी हवा कमी होई, मिश्रणांत पेट्रोलचा अंश वाढे आणि थंड इंजिन खोकत खोकत कां होईना, पेट घेई. मग खुंटी हळूहळू आंत सारीत दोनचार मिनिटें गाडी जागींच चालू ठेवावी लागे. त्या काळीं ही रीत योग्यच होती. पुढें कार्ब्युरेटर गेला, चोक गेला. सवय मात्र बापाकडून मुलाकडे वारशानें आली.

थंडीनें इंजिनाला नेमकें काय होतें, हें एकदां समजून घेतलें म्हणजे सवय आणि गरज ह्यांतील भेद कळेल. पहिली गोष्ट अशी कीं, तेल घट्ट होतें व सर्व भागांपर्यंत पोंचण्यास त्याला क्षणभर अधिक लागतो. दुसरी गोष्ट, पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं, आणि वाफ झाल्यावांचून तें चांगलें जळत नाहीं. तिसरी गोष्ट, बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची शक्ति घटते. परंतु ह्या तिन्ही गोष्टी थंडीच्या मानावर अवलंबून आहेत. कॅनडांतील विनिपेगसारख्या शहरीं पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरतो. तेथें राहणारीं मराठी कुटुंबें रात्रीं मोटारीची तार विजेच्या खटक्याला जोडून इंजिनांतील पाणी ऊबदार ठेवतात, आणि सकाळीं कांचेवरील बर्फ खरवडून काढतात. तेथें ही चैन नव्हे, ती निकड आहे. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें कांहीं वर्षीं पारा पांच अंशांखालीं जातो. ठाणें-कल्याणाकडे मात्र ऐन पौषांतही पहाटेचा पारा बहुधा पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळतो. शालीला ही थंडी पुरे आहे. इंजिनाला तिची दखल घेण्याचें कारण नाहीं.

शिवाय हल्लींच्या इंजिनांत पेट्रोल मोजून फवारलें जातें. हवा किती आली, पाणी किती तापलें, धुरांत प्राणवायु किती उरला, हें विजेचीं सूक्ष्म उपकरणें क्षणोक्षणीं पाहतात आणि त्याप्रमाणें इंधनाचें माप ठरतें. म्हणून सुरू केल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटांत निघावें आणि पहिलीं कांहीं मिनिटें वेग बेताचा ठेवावा, हाच जाणकारांचा सल्ला आहे. जागींच घुमणारें इंजिन सावकाश तापतें, चालतें इंजिन लवकर तापतें. इतकेंच नव्हे, तर थंडींत वारंवार नुसतें चालू ठेविलेल्या इंजिनांत न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून तेलांत उतरतें आणि तेल पातळ करतें. ज्या इंजिनाच्या काळजीपोटीं हा खटाटोप, त्यालाच तो बाधतो.

आतां त्या बोटाच्या जादूकडे वळूं. साधारण २०१९ पासून ह्युंदाईची व्हेन्यू, कियाची सेल्टोस अशा मध्यम किंमतीच्या मोटारींतही ही सोय मिळूं लागली. फोनवरील आज्ञा प्रथम कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे जाते, आणि तेथून मोटारींत बसविलेल्या सिमकार्डाच्या द्वारें मोटारीकडे येते. दारें लागलेलीं आहेत, गिअर योग्य स्थितींत आहे, अशी खात्री झाल्यावर मोटार स्टार्टर फिरविते. ठरलेल्या मिनिटांत कोणी आलें नाहीं तर इंजिन आपोआप थांबतें. जवळ किल्ली असल्यावांचून ती मोटार कोणाला पळवितां येत नाहीं. योजना चतुर आहे, ह्यांत शंका नाहीं. पण ती इंजिन थांबविण्याचा हिशेब ठेवते, धूर कोठें जातो ह्याचा ठेवीत नाहीं.

तो हिशेब आपणच करावा. जागीं उभी राहिलेली लहान मोटार तासाला सुमारे अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. रोज दहा मिनिटें धरलीं तर थंडीच्या नव्वद दिवसांत साडेसात ते पंधरा लिटर पेट्रोल एक पाऊलही न चालतां संपतें. पैशाची गोष्ट मालकानें पाहावी. धुराची गोष्ट मात्र साऱ्या इमारतीची आहे. धूर शुद्ध करण्यासाठीं मोटारीच्या नळींत जो शोधक बसविलेला असतो, तो सुमारे २५० ते ३०० अंश तापल्यावांचून आपलें काम नीट करीत नाहीं. म्हणजे थंड इंजिनाचीं पहिलीं मिनिटें हींच सर्वांत घाणेरडीं, आणि नेमकीं तींच मिनिटें ही सोय इमारतीच्या पोटांत खर्च करविते.

ह्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां ह्या वायूला दोनशेंपटीहून अधिक घट्ट धरून ठेवतें. म्हणून बंदिस्त जागेंत चालू राहिलेल्या मोटारीमुळें माणसें झोंपेंतच दगावल्याचीं उदाहरणें परदेशांत घडलेलीं आहेत. आपल्या इमारतींचे तळमजले बहुधा उघडे असतात, हें खरें. पण तळघरांतील वाहनतळ तसे नसतात. उघड्या तळमजल्याच्या डोक्यावरही पहिल्या मजल्याची खिडकी असतेच. तिच्याआड कोणी दम्याचा रुग्ण असेल, कोणाचें तान्हें मूल असेल. जिन्याखालच्या खोलींत रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला रखवालदार असेल. वरच्या मजल्यावरून बटन दाबणाऱ्याला ह्यांपैकीं कोणीच दिसत नाहीं, आणि दुरून चालणाऱ्या यंत्राचा खरा दोष हाच आहे.

कायद्यानेंही ह्या प्रश्नाचा विचार केलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमानुसार, सार्वजनिक जागीं मोटार उभी ठेवावयाची तर चालकाच्या जागेवर परवानाधारक मनुष्य असला पाहिजे. नाहींपेक्षां यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा मोटार चुकून हलणार नाहीं अशी अन्य तजवीज केलेली असावी. मोकळ्या रस्त्यावर, कोणी आंत नसतां इंजिन दुरून सुरू करण्यापूर्वीं हें कलम प्रत्येकानें वाचावें. जर्मनींत तर विनाकारण इंजिन चालू ठेवणें हाच नियमभंग मानला जातो.

ही सोय सर्वथा निरुपयोगी आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. घरांतील आजारी माणसाला पहाटे दवाखान्यांत न्यावयाचें असेल, किंवा माळशेज घाटाच्या वाटेवर धुक्यानें कांच आंतून धूसर झाली असेल, तर दोन मिनिटें इंजिन चालू ठेवणें शहाणपणाचेंच आहे. वस्तुतः आपल्या भागांत ह्या बटनाचा उपयोग पौषापेक्षां वैशाखांत, तापलेली मोटार गार करण्यासाठींच अधिक होतो. तेव्हांही आधीं चारही दारें मिनिटभर उघडून आंतील गरम हवा घालविली, तर यंत्राचें निम्मे काम फुकट होतें. विजेवर चालणाऱ्या मोटारीला तर हा दोष लागतच नाहीं. ती चार्जरला जोडलेली असतांना दुरून गार करा किंवा ऊबदार करा, शेजाऱ्याच्या खिडकींत धूर जात नाहीं. १९३० पर्यंत कल्याणहून इगतपुरी व पुणें ह्या दोन्ही दिशांना विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं, आणि त्यांच्यासाठीं रात्रभर विस्तव जागविण्याची गरज उरली नाहीं. तोच पालट आतां मोटारीच्या वांट्यास येत आहे.

तोंवर पेट्रोलच्या मोटारवाल्यांनीं एक साधा नियम पाळावा. खालीं यावें, मोटारींत बसावें, मगच इंजिन सुरू करावें, आणि अर्ध्या मिनिटांत सावकाश निघावें. गृहनिर्माण संस्थांनीं वार्षिक सभेंत हा विषय काढून तळघरांतील व खिडकीखालील मोटारींपुरता तरी तसा ठराव करावा. ह्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. मालकाला आसन थोडें गार लागेल, इतकेंच. वरच्या मजल्यावर झोंपलेल्या मुलाला मात्र सकाळची हवा स्वच्छ मिळेल.