नवा पत्ता उशिरां कां कळतो?

एखादे वैद्य पुण्याच्या एका पेठेंतून दुसऱ्या पेठेंत दवाखाना हलवितात. नव्या दारावर पाटी लागते, सरकारदरबारीं नव्या जागेची नोंदहि होते. तरी पुढें कित्येक दिवस रोगी जुन्याच दाराशीं येऊन उभे राहतात. कारण प्रत्येकानें जुना पत्ता आपापल्या वहींत टिपून ठेवलेला असतो. इंटरनेटवरील एखाद्या संस्थेनें आपलें संकेतस्थळ एका संगणकावरून दुसऱ्यावर नेलें म्हणजे नेमकें हेंच घडतें. एका घरांत नवें स्थळ दिसतें, शेजारच्या घरांत जुनें. एका गिऱ्हाइकाचें पत्र नव्या पेटींत पडतें, दुसऱ्याचें जुन्या. मालकास सांगण्यांत येतें कीं, बदल जगभर पसरण्यास २४ ते ४८ तास लागतील. वास्तविक येथें कांहींच पसरत नसतें. मग हा वेळ जातो तरी कशांत?

संगणक परस्परांस अंकांनीं ओळखतात. मनुष्याच्या लक्षांत राहतें तें नांव. या दोहोंची सांगड घालणारी व्यवस्था म्हणजे ‘डोमेन नेम सिस्टिम’. ती नव्हती तेव्हां, म्हणजे आर्पानेट या आद्य जाळ्याच्या काळांत, सर्व संगणकांचीं नांवें व अंक एकाच यादींत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखालीं ही यादी राखली जाई, आणि प्रत्येक ठिकाणच्या संगणकानें तिची नक्कल उतरवून घ्यावी अशी रीत होती. संगणक वाढले तशी यादी वाढली, नकला नेणारांची गर्दी वाढली आणि नक्कल पोंचेपर्यंत मूळ यादी बदललेली असे. तेव्हां १९८३ सालीं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील पॉल मोकापेट्रिस यांनीं नवी योजना मांडली. १९८७ सालीं तिचें सुधारलेलें रूप प्रसिद्ध झालें. आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे.

या योजनेंत संपूर्ण यादी कोणा एकापाशीं नाहीं. मराठी विकिपीडियाचें नांव घ्यावें : ‘एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी’. हें नांव संगणक शेवटाकडून वाचतो. वाचकाचा संगणक आधीं इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या शोधक संगणकास विचारतो. तो शोधक मूळ सर्व्हरांकडे जातो. या मूळ सर्व्हरांचीं नांवें अवघीं १३, पण त्यांच्या प्रतिकृति जगांत हजाराहून अधिक आहेत. त्यांना विकिपीडिया ठाऊक नसतो; ‘ओआरजी’चा कारभार कोणाकडे आहे एवढेंच ते सांगतात. ‘ओआरजी’चा सर्व्हर विकिपीडियाच्या अधिकृत सर्व्हराकडे बोट दाखवितो आणि तेथें शेवटीं अंकरूप पत्ता मिळतो. ही सारी विचारपूस बहुधा सेकंदाच्या अल्पशा भागांत आटोपते.

आतां प्रत्येक वाचकासाठीं प्रत्येक वेळीं ही फेरी घालावी लागली, तर वरचे सर्व्हर प्रश्नांखालींच दडपून जातील. म्हणून शोधक संगणक मिळालेलें उत्तर जवळ साठवून ठेवतो व पुढच्या माणसास तेंच देतो. हें उत्तर किती काळ खरें मानावें, हें मूळ नोंदींतच लिहिलेलें असतें. त्यास ‘टाइम टु लिव्ह’, म्हणजे आयुर्मर्यादा, असें म्हणतात. ती सेकंदांत मोजतात : ३०० लिहिलें तर पांच मिनिटें, ८६,४०० लिहिलें तर एक दिवस. ‘डॉट कॉम’च्या वरच्या यादींत कोणत्या नांवाचा कारभार कोणाकडे आहे, या नोंदीची मर्यादा १,७२,८०० सेकंद, म्हणजे पुरे दोन दिवस असते. ४८ तासांची जी भाषा ऐकूं येते, तिचें एक मूळ येथें आहे.

तेव्हां उशीर कां होतो, याचें उत्तर मिळालें. मालकानें अधिकृत नोंद बदलतांच ती बदललेली असते. परंतु जुन्या उत्तराच्या प्रती कोणकोणाजवळ आहेत, हें त्यास कळण्याचा मार्ग नाहीं. त्या परत मागवितां येत नाहींत. ज्याची प्रत सकाळीं घेतलेली, ती उद्यां सकाळीं मरेल. ज्याची रात्रीं घेतलेली, ती उद्यां रात्रीं. इतकेंच नव्हे, तर नांव नोंदण्यापूर्वीं कोणीं चौकशी केली, तर ‘असें नांव नाहीं’ हें उत्तरहि कांहीं काळ जपून ठेवलें जातें.

मग सर्वच नोंदींचें आयुष्य अल्प कां ठेवूं नये? २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील डिन या कंपनीच्या नामसर्व्हरांवर खोट्या प्रश्नांचा प्रचंड मारा झाला. ट्विटर, स्पॉटिफाय अशीं मोठीं स्थळें स्वतः सुस्थितींत असूनहि अनेकांस सांपडेनाशीं झालीं. अशा वेळीं ज्याच्याजवळ जिवंत प्रत असेल तोच वाट चुकत नाहीं. अल्पायुषी प्रत लगेच संपते व नवी मिळत नाहीं. उलट दीर्घ आयुष्याचा फटका ३० सप्टेंबर २०२१ रोजीं स्लॅक या कंपनीस बसला. आपल्या नोंदी बनावट नाहींत हें पटविणारी सही-शिक्क्याची व्यवस्था तिनें सुरू केली, व अडचण येतांच मागें घेतली. परंतु ‘या नांवाच्या नोंदींवर शिक्का असतोच’ ही वरची नोंद अनेक शोधक संगणकांत २४ तासांपर्यंत जिवंत राहिली. शिक्का नसलेलें उत्तर पाहून ते तें नाकारीत राहिले आणि त्यांवर विसंबणाऱ्यांस स्लॅक बंदच दिसलें. अखेर साठवण पुसून टाका, अशी विनंति कंपनीस शोधक चालविणाऱ्यांना करावी लागली.

यावरून शहाणपणाची रीत उघड होते. स्थलांतराच्या आधींच आयुर्मर्यादा एका दिवसावरून पांच मिनिटांवर आणावी, आणि नंतर निदान एक पूर्ण दिवस थांबावें, म्हणजे दीर्घायुषी जुन्या प्रती संपतील. मग पत्ता बदलावा. सर्व ठीक चालल्याची खात्री पटल्यावर मर्यादा पुन्हां वाढवावी. बदल करून झाल्यावर मर्यादा कमी करणाऱ्याची घाई व्यर्थ जाते. कारण जुन्या प्रतींवर जुनीच मुदत लिहिलेली असते.

मात्र कांहीं शोधक ही मुदत कांटेकोरपणें पाळीत नाहींत. म्हणून जुन्या संगणकावरील दिवा लगेच मालवूं नये. ज्या वैद्यांस आपल्या रोग्यांची काळजी असते, ते नव्या जागेंत बसूं लागले तरी जुन्या दाराशीं कांहीं दिवस एक माणूस ठेवतात. वहींतला जुना पत्ता वाचून आलेला रोगी चुकलेला नसतो. त्याला नव्या दारापर्यंत पोंचविणें हें पत्ता बदलणाऱ्याचें काम आहे.