उपच्छायेतला मेंदू



पक्षाघातासाठी मराठीत एक जुना शब्दप्रयोग आहे : अंगावरून वारे जाणे. रात्री जेवून निजलेला धडधाकट माणूस पहाटे उठतो, तो एक हात लुळा पडलेला, तोंड वाकडे झालेले, शब्द जिभेवर अडखळलेले. अंगावर जखम नाही, ताप नाही, पडल्याची खूण नाही. ज्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही, त्याचा दोष वाऱ्यावर जाणे स्वाभाविकच होते. आयुर्वेदानेही या व्याधीची गणना वातविकारांतच केली.

आज हे कारण ठाऊक आहे. बहुतांश रुग्णांत मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या धमनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांत धमनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. प्रश्न वाऱ्याचा नाही, रक्ताचा आहे. पण हे रक्त हाडाच्या बंद पेटीत वाहते. ते बाहेरून पाहायचे कसे? या एका प्रश्नाने शास्त्रज्ञांच्या तीन-चार पिढ्यांना कामाला लावले आणि त्यांनी शोधलेल्या उत्तरांवर आज रुग्णांचे आयुष्य अवलंबून आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. शिवाय त्याच्यापाशी साठवण जवळजवळ नाही. हातावर पोट असलेल्या माणसासारखा तो क्षणाचे क्षणाला कमावून खातो. निरोगी अवस्थेत त्याच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील तुरीनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांना ही पेटी अपघातानेच उघडी सापडली. बेर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याच्या कवटीला जखमेने भोक पडले होते आणि तेथून मेंदूचे स्पंदन दिसत होते. दुपारी चर्चची घंटा वाजली. प्रार्थना म्हणावयाची काय, असे मोसो यांनी विचारताच त्या स्पंदनाची उंची वाढली. हात जागचा हलला नव्हता, मन मात्र हलले होते आणि त्याबरोबर मेंदूतील रक्तही.

प्रत्येकाच्या कवटीला भोक नसते. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मानेतील धमनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. ही अँजिओग्राफी आजही वापरात आहे. पण शेतकऱ्याला ठाऊक असते की पाटाचा नकाशा वेगळा आणि वाफ्यात पोहोचलेले पाणी वेगळे. मोनिझ यांनी पाट दाखवले. वाफ्यातले पाणी मोजणे बाकी होते.

ते मोजले अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या सेमूर केटी व कार्ल श्मिट यांनी, १९४५ मध्ये. त्यांनी माणसाला नायट्रस ऑक्साइड हा वायू अल्प प्रमाणात हुंगवला आणि मेंदूत शिरणाऱ्या व मेंदूतून परतणाऱ्या रक्तात तो किती आहे हे तपासून प्रवाहाचे गणित मांडले. गणित अचूक होते, पण उत्तर सबंध मेंदूची सरासरी सांगत होते. गावाचे सरासरी पर्जन्यमान उत्तम असून एका कोपऱ्यातले शेत करपलेले असावे, तसाच प्रकार. पुढे कोपनहेगनचे निल्स लासेन व स्वीडनमधील लुंडचे डेव्हिड इंग्वार यांनी किरणोत्सारी झेनॉन वापरून मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील प्रवाह वेगवेगळा मोजला. त्यांच्या यंत्रात अखेरीस २५४ गणक डोक्याच्या एका बाजूला मांडलेले असत. माणूस बोलू लागला की एक भाग उजळे, वाचू लागला की आणखी काही.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि पेटी जणू पारदर्शक झाली. रक्तस्राव झाला आहे की नाही, हे सी.टी. तत्काळ सांगते, म्हणूनच पक्षाघाताच्या रुग्णाची पहिली तपासणी आजही बहुधा तीच असते. परंतु गुठळीने रक्त अडले असेल, तर पहिल्या काही तासांत साधे सी.टी. चित्र पुष्कळदा निर्दोष दिसते. माणूस लुळा आणि चित्र स्वच्छ! मेंदूचे रूप पालटायला वेळ लागतो. रक्त मात्र पहिल्याच क्षणी आटलेले असते.

याच सुमारास या विषयातील सर्वांत मोलाचा विचार पुढे आला. १९७७ मध्ये लंडनमध्ये बबून माकडांवर झालेल्या प्रयोगांत आस्ट्रुप, सायमन व त्यांच्या सहकाऱ्यांना दोन पायऱ्या आढळल्या. प्रवाह ५० वरून सुमारे २० च्या खाली घसरला की मेंदूच्या पेशी काम थांबवतात; पण मरत नाहीत. तो १० च्या आसपास वा त्याखाली गेला की पेशींचे आवरणच निकामी होऊन त्या लवकर मरतात. या दोन आकड्यांच्या मधल्या पेशी मूक असतात, तरी जिवंत असतात. १९८१ मध्ये या भागासाठी ग्रहणशास्त्रातला शब्द रूढ झाला : उपच्छाया. पूर्ण अंधाराच्या गाभ्याभोवतीची फिकट सावली. पंचांग पाहणाऱ्यांना छायाकल्प ग्रहण ठाऊक असते. चंद्र मंद होतो, पण झाकला जात नाही. मेंदूच्या उपच्छायेचे तसेच आहे. रक्त वेळेत परतले तर ग्रहण सुटते. नाही परतले तर काळोखाचा गाभा पसरत पसरत तिला गिळतो.

तेव्हापासून प्रत्येक नव्या पद्धतीसमोर एकच कसोटी राहिली : मेलेले किती आणि वाचवण्याजोगे किती, हे ती सांगते काय? ‘पेट’ तपासणी प्रवाहाबरोबर प्राणवायूचा वापरही मोजते, म्हणून ती आदर्श मानली गेली. पण तिला लागणाऱ्या किरणोत्सारी प्राणवायूचे अर्धायुष्य अवघे दोन मिनिटांचे. तो बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र शेजारीच हवे. भारतात वैद्यकीय वापराचे पहिले सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये आले, यावरून हे साधन किती दुर्मिळ ते कळते. टेक्नेशियम वापरणारी ‘स्पेक्ट’ तपासणी त्या मानाने सुलभ. १९८२ मध्ये नॉर्वेचे रुने आस्लिड यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी पाठवून रक्ताचा वेग मोजण्याची डॉप्लर पद्धत आणली. ती खाटेजवळच करता येते, मात्र ती सांगते पाटातला वेग, वाफ्यातले पाणी नव्हे.

तातडीच्या वेळी दोन साधने खरी उपयोगी ठरली. एक, एम.आर.आय. : त्याचे ‘डिफ्यूजन’ चित्र रक्त अडल्यावर काही मिनिटांतच बाधित गाभा दाखवू लागते. दुसरे, सी.टी. परफ्यूजन : शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन मिनिटभर एकामागून एक चित्रे घेतली जातात. द्रव्य कोठे वेळेवर पोहोचले, कोठे रेंगाळले, कोठे पोहोचलेच नाही, यावरून संगणक मेंदूचा रंगीत नकाशा मांडतो. रेंगाळलेला भाग मोठा आणि मृतवत गाभा लहान असेल, तर मधला सारा प्रदेश उपच्छायेचा.

आता पहाटे लुळ्या हाताने उठलेल्या त्या माणसाकडे परत यावे. १९९५ मध्ये गुठळी विरघळवणारे औषध उपयुक्त सिद्ध झाले, पण तीन तासांच्या आत दिले तरच. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांवर गेली. झोपेत आघात झालेल्याचे घड्याळ सुरू केव्हा झाले? कोणासच ठाऊक नाही. दर पाच रुग्णांत साधारण एक असा असतो. वर्षानुवर्षे त्याला उपचार नाकारला गेला, तो घड्याळाच्या नावाने.

२०१८ मध्ये हे चित्र पालटले. ‘डॉन’ नावाच्या अभ्यासात शेवटचे ठीक दिसल्यापासून ६ ते २४ तास उलटलेल्या, पण वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक असलेल्या रुग्णांची गुठळी नळीने बाहेर काढण्यात आली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ४९ टक्के स्वतःचे व्यवहार स्वतः करू लागले. केवळ औषधोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. त्याच वर्षी ‘डिफ्यूज ३’ या अभ्यासाने ६ ते १६ तासांसाठी तेच दाखवले, तर ‘वेक-अप’ अभ्यासाने एम.आर.आय. पाहून झोपेतल्या रुग्णांनाही औषध देता येते हे सिद्ध केले. घड्याळाने बंद केलेले दार चित्राने उघडले.

मात्र चित्राचीही पूजा मांडू नये. मानेतील धमनी कायमची बंद झालेल्या रुग्णांना ‘पेट’ने निवडून बाहेरून नवी वाट जोडण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत तपासली गेली, पण तिचा लाभ दिसला नाही म्हणून अभ्यास अर्ध्यावर थांबवावा लागला. निदान बरोबर असले तरी उपचार तारतोच असे नाही. उलटपक्षी, २०२२ मध्ये जपानमधून आणि २०२३ मध्ये चीन व इतर देशांतून आलेल्या अभ्यासांनी दाखवले की ज्यांचा गाभा मोठा म्हणून त्यांना सोडून दिले जाई, त्यांच्यापैकीही अनेकांना गुठळी काढल्याने लाभ होतो. चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. त्याचा उपयोग दार उघडण्यासाठी व्हावा, लावण्यासाठी नव्हे.

आणि चोवीस तासांची मुदत ही सवड समजू नये. मोठी धमनी बंद झाली की सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असे गणित २००६ मध्ये मांडले गेले. कोणाची उपच्छाया तासाभरात विझते, कोणाची दिवसभर टिकते. घरात बसून ते कळत नाही. म्हणून तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अस्पष्ट, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर तेल चोळत बसू नये, पाणी-औषध पाजू नये. १०८ ला दूरध्वनी करून जेथे सी.टी.ची सोय आहे अशा रुग्णालयात रुग्णाला थेट न्यावे आणि तो शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ही एक वेळ डॉक्टरांना नेमकी सांगावी. कवटीतले रक्त पाहण्यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ झालेली धडपड त्या एका उत्तरापाशी येऊन थांबलेली असते, आणि ते उत्तर कोणत्याही यंत्रापाशी नसते. ते घरातल्या माणसांपाशीच असते.