विडा आणि सुपारी

(गणेशोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी बोळिंज येथे जमलेले ढोल-ताशा वादक तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज या सभागृहात दोन पिढ्या बसल्या आहेत आणि दोघींच्या मनात एकमेकींविषयी एकेक तक्रार आहे. वडीलधाऱ्यांना वाटते की, ही मुले ढोल वाजवीत नाहीत, ढोल घेऊन मिरवतात. डोक्याला फेटा, डोळ्यांवर गॉगल, कपाळी चंद्रकोर आणि लक्ष मात्र मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे! तरुणांना वाटते की, आम्ही कॉलेज-नोकरी सांभाळून, विरार लोकलचे धक्के खाऊन रात्री सरावाला येतो, टिपरू धरून हाताला फोड येतात, ते यांना दिसतच नाही. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. मग अस्सल कोण आणि सोंग कोणाचे, हे ओळखायचे कशावरून?

वेषावरून ते ओळखता येत नाही. १९८९ साली ‘मैंने प्यार किया’ चित्रपट आला आणि ‘फ्रेंड’ असे लिहिलेली टोपी घालून आमच्या पिढीतली मुले कॉलेजात हिंडू लागली. आमच्या वडिलांनी त्या टोपीकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने आज आपण या गॉगलकडे पाहतो. १९७०च्या दशकात इंग्लंडमधील तरुणांनी ‘पंक’ नावाचे बंड केले. फाटके कपडे, त्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना, ही त्या बंडाची खूण. पुढे तसेच फाटके कपडे दुकानांत मांडून विकले जाऊ लागले. वेष कोणालाही विकत घेता येतो. म्हणून त्यावरून माणसाची पारख करण्यात अर्थ नाही.

आपल्या उत्सवाचाच इतिहास पाहा. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले आणि त्याबरोबर तरुणांचे मेळे उभे राहिले. एकसारखा पोशाख करून, ताल धरून गाणाऱ्या या मुलांची सरकारला इतकी धास्ती वाटली की, १९१०च्या सुमारास मेळ्यांवर कडक बंधने आली. ती बंधने मेळ्यांनी पचविली. परंतु १९२०च्या दशकात पुण्यातील छत्रपती मेळा आणि सन्मित्र समाज मेळा यांच्यातील वादात पदांची पातळी व्यक्तिगत निंदेपर्यंत घसरली. त्यानंतर चित्रपटांच्या चाली आल्या, रंगभूषा आली, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत मेळे दिसेनासे झाले. आपण हे कशासाठी करतो, याचा विसर पडला की, संस्था आतून पोकळ होते. तिला बाहेरचा शत्रू लागत नाही.

ढोल-ताशाची वाटचालही ध्यानात घ्यावी. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल घेऊन येत ती मुळशी-मावळातील खेड्यांची पथके. १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने शाळकरी मुलांना या मिरवणुकीत उतरविले. पुढे रमणबागेसारख्या शाळांची पथके आली. मिरवणुकीला शिस्त लागावी, मुलांच्या अंगातील रग तालात बांधली जावी, हा त्यामागचा विचार होता. १९९९ साली डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, तशा यात्रा गावोगावी निघू लागल्या आणि पथकेही वाढली. आज ती आपल्या वसई-विरारमध्येही आहेत. म्हणजे जे आपण ‘आपली परंपरा’ म्हणून मिरवितो, ते आपल्या हाती शेतकऱ्याच्या हातातून आले आहे. त्याचे ऋण मानणे, हा अस्सलपणाचा पहिला भाग.

आता पैशाविषयी. पैसे घेतले म्हणजे कलावंत विकला गेला, असे आपण मध्यमवर्गीय फार सहज बोलतो. लग्नाच्या वरातीत बँजो वाजविणाऱ्या मुलाकडे आपण खालच्या नजरेने पाहतो. का बरे? तो बिदागी ठरवून घेतो, त्यावर घर चालवितो आणि काही लपवीत नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांबरोबर याच परिसरात वसईच्या किल्ल्यासाठी लढलेल्या शिपायांनाही पगार होता. त्यामुळे त्यांचे शौर्य बाजारू ठरले नाही. बहुरूपी दारात येतो, तेव्हा हे सोंग आहे हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. फसवणूक तेथे सुरू होते, जेथे पावती ‘सेवे’ची फाडली जाते आणि सौदा मात्र वेगळाच झालेला असतो.

आपल्या भाषेने हा भेद फार नेमका टिपला आहे. भर सभेत तबकात विडा ठेवला जाई. ज्याच्या अंगात धमक असे, तो पुढे होऊन उचली. त्याला आपण ‘विडा उचलणे’ म्हणतो. त्याच तबकातील सुपारी दिली-घेतली जाई आणि व्यवहार पक्का होई. विडा उचलणारा कामाशी बांधला जातो, सुपारी घेणारा देणाऱ्याशी. पथकाने मानधन घ्यावे. ढोलांची पाने फाटतात, दोर बदलावे लागतात, टेम्पोचे भाडे द्यावे लागते. पण पैसे देणाऱ्याच्या वाढदिवसालाही वाजवायचे, त्याचे छायाचित्र छातीवर छापून मिरवायचे, त्याने सांगितले म्हणून रुग्णालयापुढेही थांबायचे नाही, असे झाले की विडा खाली पडला असे समजावे.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हारजवळ वाळवंडा येथे भिकल्या लाडक्या धिंडा हे वयोवृद्ध तारपावादक आहेत. दुधी भोपळा आणि बांबू यांपासून ते स्वतः तारपा घडवितात. त्यांच्या घराण्यात हे वाद्य पिढ्यान् पिढ्या वाजते आहे. संगीत नाटक अकादमीने त्यांना गौरविले, २०२६ मध्ये पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. सन्मान उशिरा आला. तारपा त्याच्या कितीतरी आधीपासून वाजत होता. कोणी पाहत नसताना आपण काय करतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला सांगता येणार नाही.

२०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांच्या वादकांची संख्या ३० वर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. आपल्याला आनंद झाला. पण न्यायालयाने सोडले, म्हणून शेजारच्याने सोसावे काय? एकेकाळी वाड्या-बागांचे असलेले हे बोळिंज आज म्हाडाच्या उंच इमारतींचे झाले आहे. त्या खिडक्यांच्या आत आजारी माणसे आहेत, तान्ही बाळे आहेत, परीक्षेची मुले आहेत. किती ढोल, कोठे आणि किती वाजेपर्यंत, हे आपले आपण ठरवावे आणि पाळावे. बाहेरून लादलेली मर्यादा कोणीही पाळतो.

म्हणून तरुणांना माझे सांगणे एवढेच : यंदाचा जमाखर्च फलकावर लावा. ज्यांच्याकडून ताशा शिकलात त्यांना मानाने दक्षिणा द्या. सदऱ्यावर कोणाचेही नाव घेऊ नका. गॉगल घालायचा तर खुशाल घाला. आणि पालकहो, मिरवणुकीच्या दिवशी मुलांवर टीका करण्यापूर्वी एकदा सरावाच्या रात्री येऊन बसा. दोर आवळताना घामाघूम झालेली मुले पाहा. मुलांनाही कळू द्या की, कॅमेऱ्याखेरीज त्यांना पाहणारे आणखी कोणी आहे.

सरावाची वेळ झाली आहे. मी थांबतो.